रणगाड्याची पाखर

पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात बैलांची खांद शेकली जाते. वर्षभर जू वाहून निबर झालेल्या खांद्याला हळद व लोणी चोळून, ऊन पाण्याने शेकून, शेतकरी त्याची नीट पाहणी करतो. दुसऱ्या दिवशी त्याच बैलाच्या पाठीवर रंगीत झूल चढते आणि तोरणाखाली उभ्या असलेल्या जोडीकडे सारा गाव कौतुकाने पाहतो. आधी खांदा, मग झूल, हा क्रम शहाणपणाचा आहे. खांदा न पाहताच ज्या घरी झूल चढविली जाते, त्या घरचा बैल पोळा फुटल्यावर वखराला उभा राहीलच, अशी खात्री कोणी देऊ नये.

लढाईवर जाणाऱ्या हत्तीघोड्यांच्या अंगावर जे आवरण घालीत, त्यास मराठीत पाखर असा जुना शब्द आहे. झूल शोभेसाठी, पाखर रक्षणासाठी. घोडे गेले, हत्ती गेले, आणि त्यांच्या जागी पोलादी रणगाडे आले. परंतु पाखर गेली नाही. आजच्या रणगाड्याच्या दोन्ही बाजूंना, चाकांवरून खाली लोंबणारे जे जाड पत्रे दिसतात, ती त्याची पाखरच होय. इंग्रजीत त्यांना स्कर्ट, म्हणजे घागरा, असे म्हणतात. शब्द मोठा नाजूक आहे. वस्तू मात्र अशी आहे की, तिचा एक तुकडा निसटून पायावर पडला तर पाय कामातून जावा. हे ओझे लढाईपूर्वी, लढाईनंतर आणि लढाई नसतानाही गाडीवरील तीनचार माणसांना वारंवार उघडावे व मिटावे लागते. ते काम कसे चालते आणि त्यात काय पणाला लागलेले असते, हे समजून घेतले म्हणजे रणगाडा या यंत्राविषयीच्या पुष्कळ भ्रामक कल्पना दूर होतात.

प्रथम ही पाखर कशावर घातलेली असते ते पाहू जाता असे दिसते की, रणगाड्याचे सर्व बळ त्याच्या पट्ट्यांत आहे. पोलादी कड्या खिळींनी एकमेकींत गुंफून केलेला हा अखंड पट्टा गाडीच्या प्रत्येक बाजूस असतो. एका टोकाला दातेरी चाक त्याला ओढते, दुसऱ्या टोकाला ताणचाक त्याला ताठ ठेवते, आणि मधली पाचसहा मोठी चाके त्या पट्ट्यावरूनच, रुळावरून धावावे तशी, धावतात. गाडी आपला रस्ता आपणच अंथरते व आपणच गुंडाळते. चाळीस ते सत्तर टनांचे वजन अशा रीतीने रुंद जागेवर पसरले गेल्यामुळे जेथे बैलाची बंडी रुतेल तेथूनही रणगाडा निघून जातो. परंतु ह्या रचनेत एक मोठे वैगुण्य आहे. पट्ट्याची एक खीळ तुटली, किंवा पट्टा ढिला पडून दातेरी चाकावरून उतरला, की एवढे प्रचंड यंत्र जागच्या जागी खिळून राहते. तोफ शाबूत असते, इंजिन शाबूत असते, चिलखत शाबूत असते. गाडी मात्र हलत नाही. रणांगणावर न हलणारा रणगाडा म्हणजे शत्रूच्या तोफेपुढे ठेवलेले लक्ष्यच.

हा नाजूक भाग झाकून घ्यावा, ही कल्पना साहजिक होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटिशांपाशी माटिल्डा नावाचा जो रणगाडा होता, त्याची बाजूची पाखर सुमारे २५ मिलिमीटर जाडीची, जवळजवळ अखंड भिंतीसारखी होती. १९४१ साली एरिट्रियातील केरेनच्या डोंगराळ लढाईत भारतीय चौथी व पाचवी डिव्हिजन लढली. पाचव्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणही होती, आणि त्या लढाईत पायदळाच्या मदतीस माटिल्डा रणगाडे होते. ह्या रणगाड्याच्या पाखरेत मुद्दाम तिरक्या घसरगुंड्या ठेवलेल्या होत्या. वरच्या बाजूने परतणाऱ्या पट्ट्यावरून जो चिखल पडे, तो आत न साचता ह्या घसरगुंड्यांवरून बाहेर यावा, हा त्यांचा हेतू. म्हणजे पाखर घालताच चिखल कोठून जाणार, हा प्रश्न तिच्या जन्मापासूनच तिच्या पाठीस लागलेला आहे.

जर्मनांनी १९४३ मध्ये निराळी पाखर आणली. रशियन पायदळाच्या रणगाडाभेदी बंदुका जर्मन गाड्यांच्या बाजूचे पातळ चिलखत जवळून भेदीत असत. त्यांवर उपाय म्हणून गाडीच्या अंगापासून काही अंतरावर ५ मिलिमीटरचे पोलादी पत्रे आकड्यांवर टांगण्यात आले. गोळी प्रथम पत्र्यावर आदळे, तिची दिशा व टोक बिघडे, आणि मग मूळ चिलखत तिला आवरू शके. हे पत्रे नुसते टांगलेले असल्याने काढावयास सोपे होते. पण त्याच कारणाने झाडाझुडपांत अडकून ते गळूनही पडत. पाखरेच्या इतिहासातील हा दुसरा पेच होय. जी सहज निघते ती सहज हरवते, आणि जी घट्ट बसते ती वेळेवर निघत नाही.

पुढे पाखरेचे काम बदलले. पायदळाच्या हाती पोकळ-गर्भ स्फोटकाचे गोळे आले. ह्या गोळ्याच्या पोटात तांब्यासारख्या धातूचा शंकू असतो व त्याच्या मागे दारू भरलेली असते. गोळा आदळताच दारू पेटते आणि तो शंकू चिरडला जाऊन त्याची बारीक धार सेकंदास कित्येक किलोमीटर वेगाने पुढे सुटते. ही धार पोलादात सुईसारखी शिरते. परंतु गोळा गाडीच्या अंगाला भिडण्यापूर्वीच बाहेरच्या पत्र्यावर फुटला, तर ती धार मधल्या मोकळ्या जागेत पसरते, तुटते व दुबळी होते. म्हणून ब्रिटिशांच्या सेंच्युरियन रणगाड्यास बाजूचे पातळ पत्रे लावण्यात आले. भारतीय सेनेत १९६५ व १९७१ च्या युद्धांत नावाजलेली गाडी ती हीच. रशियन टी-७२ च्या पहिल्या गाड्यांना माशाच्या कल्ल्यांसारखी बाहेर उघडणारी पाने होती. नंतर त्यांच्या जागी रबरी कापडाची सलग पाखर आली. ह्या रबरी पाखरेचा आणखी एक उपयोग आहे. पट्ट्यांनी उडविलेली धूळ ती खालीच दाबून ठेवते, त्यामुळे इंजिनाच्या श्वासात धूळ कमी जाते.

गोळे सुधारत गेले तसा पातळ पत्रा पुरेसा पडेना. मग पुढल्या भागातील पाखर जाड करणे, तिच्यात निरनिराळ्या पदार्थांचे थर घालणे, किंवा तिच्यावर स्फोटक भरलेल्या पोलादी पेट्या बसविणे, असे मार्ग निघाले. शेवटच्या प्रकारात बाहेरून धार आली की पेटीतील स्फोटक उडते व पेटीचा पत्रा भिरकावून त्या धारेस छेद देते. रक्षण वाढले, पण त्याबरोबर वजनही वाढले.

हे वजन किती, याचा अंदाज घरबसल्या करता येतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मिलिमीटर जाड पोलादी पत्रा सुमारे ७.८५ किलो भरतो. म्हणजे तेवढ्याच आकाराचा ६ मिलिमीटरचा पत्रा ४७ किलो झाला. तो दोन माणसे उचलू शकतील. जाडी २२ मिलिमीटर केली की वजन १७० किलोच्या वर जाते. आणि १७० किलो म्हणजे आजच्या हिशेबाने कापसाची एक पुरी गाठ. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या प्रेसमध्ये बांधलेली गाठ ज्याने हमालांना हलविताना पाहिली आहे, त्याला अधिक सांगावयास नको. फरक इतकाच की, गाठ जमिनीवर असते, तिला लोटता येते, लोळविता येते, आणि तिची कड बोटाला लागली तरी बोट तुटत नाही. पाखरेचा तुकडा कमरेच्या उंचीवर उभा टांगलेला असतो, त्याच्या कडा धारदार असतात, आणि त्याला धरावयास अनेकदा धड जागाही नसते.

आता ह्या पाखरेआड काय चालते ते पाहावे. त्यासाठी वऱ्हाडच्या मातीइतकी चांगली शाळा दुसरी नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांची काळी माती खोल आणि चिकट आहे. तिच्यातील चिकणमातीचे सूक्ष्म पापुद्रे पाणी पिऊन फुगतात व पाणी गेले की आक्रसतात. म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात ती पायातली वहाण ओढून घेते. दर्यापूर-अकोटकडील पावसाळी पाणंदीतून ज्याने बंडी हाकली आहे, त्याला ठाऊक आहे की चाकाला लागलेली माती चाकाबरोबर फिरत राहते, प्रत्येक फेऱ्यास नवा थर घेते, आणि शेवटी चाक गोल न राहता मातीचा गोळा होते. गाडीवान उतरतो, काठीने माती काढतो, पुन्हा चालू लागतो. त्याला हे करता येते, कारण चाक उघडे आहे व त्याला दिसते आहे. रस्त्याच्या कामावरील पोकलेनचा चालकही दिवसाअखेर फावड्याने पट्ट्यातील माती काढतो. त्याच्याही पट्ट्यावर पडदा नसतो.

रणगाड्याच्या बाबतीत हीच माती पाखर व चाके यांच्या मधल्या अरुंद जागेत शिरते. बाहेरून काही दिसत नाही. आत मात्र पट्टा ती माती दाबून दाबून विटेसारखी घट्ट करीत असतो. ऊन लागून ती वाळली की पाखर आतून जखडली जाते. दातेरी चाकाच्या खाचांत माती ठासली म्हणजे पट्ट्याच्या कड्या दातांवर पुऱ्या बसत नाहीत. त्या वर उचलल्या जातात, पट्टा नको तितका ताणला जातो, आणि एखाद्या वळणावर तो उतरतो. शिवाय चाकाच्या तुंब्यातून तेल गळत असेल, रबराची कड फाटली असेल, एखादी खीळ सरकून बाहेर आली असेल, तर तेही पाखरेआड लपून राहते. शत्रूच्या गोळ्यापासून झाकणारा पडदा गाडीच्या दोषांनाही तितक्याच इमानाने झाकतो.

म्हणून पाखर उघडणे हा देखभालीचा पहिला धडा होय. प्रत्येक जातीच्या गाडीची पुस्तिका निराळी असते व तिच्यात कोणता बोल्ट आधी, कोणता नंतर, हे ठरवून दिलेले असते. परंतु त्या सर्वांच्या मुळाशी असलेली तत्त्वे सारखीच आहेत, आणि ती कोणत्याही कारखान्यातील अवजड कामास लागू पडतील अशी आहेत.

पहिली गोष्ट जागेची. गाडी कठीण व सपाट जमिनीवर उभी करावयाची. उतारावर उभ्या असलेल्या गाडीची पाखर सोडली तर ती सरळ न लोंबता एकीकडे झुकते, आणि झुकलेले वजन कोणत्या बाजूला धाव घेईल ते सांगता येत नाही. इंजिन बंद, ब्रेक ओढलेला, बुरूज कुलूपबंद. आणि पट्ट्याशी कोणी काम करीत असताना चालकाच्या जागेवर बसून कोणी काही हलवावयाचे नाही. पट्ट्याच्या कडीत हात असताना गाडी वीतभर सरकली तरी त्याचा परिणाम काय होईल, हे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट हुकमाची. उचलणारे चार असले तरी बोलणारा एकच असला पाहिजे. 'उचला', 'थांबा', 'सोडा' हे शब्द एकाच तोंडून यावयाचे. गाठी चढविणारे हमाल एका सुरात हाक देतात, त्यातले मर्म हेच आहे. सर्वांचे बळ एकाच क्षणी लागले तर वजन हलके होते. एकाने आधी व दुसऱ्याने नंतर लावले तर सारा भार क्षणभर एकाच मनगटावर येतो.

तिसरी गोष्ट मातीची. पाखर सोडण्यापूर्वी तिच्यामागील माती शक्य तितकी पहारीने व पाण्याने काढून टाकावी लागते. भिजलेल्या काळ्या मातीची एक बादली वीस किलोच्या घरात जाते. अशा दोनचार बादल्या पाखरेला चिकटून असल्या तर ज्या वजनाचा हिशेब केलेला असतो तो चुकतो. याहून वाईट म्हणजे, मातीने जखडलेली पाखर खिळी काढल्यावरही जागची हलत नाही. माणसांना वाटते की अजून कोठेतरी ती अडकली आहे; ती वाकून पाहू लागतात; आणि नेमक्या त्या वेळी माती सुटून पाखर खाली येते.

चौथी गोष्ट खिळींच्या क्रमाची. पाखरेचा तुकडा दोन किंवा अधिक ठिकाणी धरलेला असतो. त्यांतील एक सोडली की सगळे वजन उरलेल्यांवर जाते. म्हणून शेवटची खीळ काढण्यापूर्वी खाली आधार दिलेला असावा लागतो: लाकडी ओंडका, घोडी, किंवा वजन फार असेल तर दुरुस्ती-गाडीच्या क्रेनची साखळी. कित्येक गाड्यांत पाखर बिजागरीवर असते. ती पूर्ण काढावी लागत नाही. दारासारखी बाजूला किंवा वर उघडून अडसर लावला की पुरते. परंतु वर उचललेली पाखर नुसत्या हातांवर तोलून धरणे आणि तिच्याखाली दुसऱ्याने डोके घालणे, ही चूक घाईच्या वेळी फार मोहक वाटते. अडसर बसला की नाही हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून खाली जावयाचे नाही, हा नियम एवढ्याचसाठी आहे.

पाचवी गोष्ट बोटांची. पाखर परत बसविताना तिची भोके व गाडीच्या कानांची भोके एका रेषेत आणावी लागतात. ती जुळली की नाही हे पाहण्यासाठी भोकात बोट घालणे, ही माणसाची स्वाभाविक प्रवृत्ती आहे. लोहार, गिरणीतला फिटर आणि रणगाड्याचा शिपाई, तिघांनाही ही सवय मोडावी लागते. भोक जुळविण्यासाठी टोकदार सळई वापरावयाची. कारण पाखर तसूभर सरकली तर सळई वाकेल, बोट मात्र कापले जाईल. हातमोजे, जाड बूट व शिरस्त्राण ही कवायतीच्या दिमाखासाठी नसून ह्या कामासाठी आहेत. पाखरेवर स्फोटक पेट्या असतील तर त्या कामास वेगळी शिस्त आहे. तेथे घण, आच व घाई यांस मज्जाव असतो.

सहावी गोष्ट हिशेबाची. डाव्या बाजूचा तुकडा उजवीकडे बसत नाही, आणि पहिला दुसऱ्याच्या जागी बसत नाही. म्हणून काढलेले तुकडे क्रमाने व खुणेने ठेवावयाचे, ते गाडीला टेकवून उभे न करता जमिनीवर आडवे ठेवावयाचे, आणि त्यांच्या खिळी व बोल्ट एका डब्यात मोजून घालावयाचे. काम संपल्यावर डबा रिकामा झाला पाहिजे व हत्यारांची पेटी भरली पाहिजे. डब्यात एक बोल्ट उरला तर काम संपलेले नसते. पट्ट्याशेजारी विसरलेला पाना, गाडी चालू झाली की, पट्ट्यातच जातो.

एवढे सगळे करून पाखरेआडचे खरे काम किती? पट्ट्याचा ताण पाहणे, खिळी ठोकून पाहणे, तुंब्यांवर हात ठेवून कोणता अधिक तापला आहे ते ताडणे, गळती शोधणे, माती खरवडणे, वंगण देणे. पुष्कळदा असे होते की, उघडण्यामिटण्यात जितका वेळ जातो त्याहून पाहणीत कमी जातो. येथेच मोहाची जागा आहे. दिवसभर चालून आलेली गाडी, अंधार पडत आलेला, माणसे थकलेली. अशा वेळी 'काल तर पाहिले होते' एवढे एक वाक्य पुरेसे होते. पाखर मिटलेली असताना सुस्थितीतील गाडी व मोडकळीस आलेली गाडी अगदी सारखी दिसते. वरिष्ठ अधिकाऱ्यालाही बाहेरून फरक कळत नाही. तो फक्त त्या तीनचार माणसांनाच ठाऊक असतो, आणि त्याची किंमतही प्रथम त्यांनाच द्यावी लागते.

तीनचार असे म्हणण्यास कारण आहे. सेंच्युरियनवर चार माणसे असत. भारतात बनलेल्या अर्जुन रणगाड्यावरही चार असतात. टी-७२ व टी-९०, म्हणजे भारतीय सेनेतील अजेय व भीष्म, ह्यांच्या तोफेत गोळा भरण्याचे काम यंत्र करते. म्हणून तेथे तिघेच असतात. लढाईत एक माणूस कमी लागतो ही सोयच आहे. परंतु गाडी थांबल्यावर पट्टा ताणावयास, पाखर उचलावयास व रात्री पहारा करावयास ते यंत्र उतरून येत नाही. चौघांचे ओझे तिघांच्या वाट्यास येते. यंत्राच्या गुणांची यादी करताना हा हिशेब बहुधा राहून जातो.

पाखर काढण्याचे आणखी एक कारण रेल्वे होय. रणगाड्यास दूरचा प्रवास स्वतःच्या पट्ट्यांवर करावयास लावणे म्हणजे पट्टे व रस्ते दोन्ही झिजविणे. म्हणून तो शक्य तेथे सपाट वाघिणीवर चढवितात. परंतु रेल्वेचे पूल, फलाट व शेजारून जाणारी दुसरी गाडी यांच्यामुळे वाघिणीवरील मालाच्या रुंदीस मर्यादा पडते. अकोला, मूर्तिजापूर व बडनेरा या स्थानकांवरून जाणाऱ्या मुंबई-नागपूर मार्गावरील सर्वसाधारण डबा सुमारे ३.२५ मीटर रुंद असतो. टी-७२ पाखरेसह सुमारे ३.६ मीटर, तर अर्जुन सुमारे ३.८६ मीटर भरतो. अशा वेळी अंगुळे-अंगुळे मोजावी लागतात. महायुद्धात जर्मनांना टायगर रणगाडा आगगाडीवर चढविण्यासाठी ७२५ मिलिमीटरचे लढाऊ पट्टे उतरवून ५२० मिलिमीटरचे अरुंद पट्टे चढवावे लागत व बाहेरची चाकेही काढावी लागत. त्यांच्याच अलीकडच्या लेपर्ड-२ गाडीत पुढची जड पाखर प्रवासासाठी वर दुमडून ठेवण्याची सोय केलेली आहे. पहिल्या अनुभवाचा हा धडा समजावयास हरकत नाही: जे वारंवार काढावे लागणार, ते दुमडता येईल असेच घडवावे.

पाखर मुळीच नको, असेही काही वेळा ठरते. ऑस्ट्रेलियाने १९६८ ते १९७१ या काळात व्हिएतनाममध्ये सेंच्युरियन रणगाडे वापरले. तेथील चिखल व वेली पाखर आणि पट्टे यांच्यामध्ये अडकून बसत; म्हणून तेथे ह्या गाड्या पाखर काढून चालविण्यात आल्या. शत्रूपाशी पोकळ-गर्भ गोळे होते, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. एकीकडे गोळा लागण्याची शक्यता, दुसरीकडे पट्टा उतरून अडकून पडण्याची जवळजवळ खात्री. दोहोंत त्यांनी निवड केली. अमेरिकेच्या एब्रम्स गाडीवरही दातेरी चाकावरचा शेवटचा तुकडा चिखलामुळे काढून ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी पडली. ही निवड नकाशावर बसून करता येत नाही. ती मातीवर अवलंबून असते. राजस्थानच्या वाळूत जी पाखर धूळ दाबते म्हणून हवीशी, तीच पाखर पावसाळ्यातील काळ्या मातीत पट्ट्याचा गळा आवळणारी ठरू शकेल.

ह्या विद्येचे माहेरघर महाराष्ट्रातच आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे १९२४ साली रॉयल टँक कोअरचे विद्यालय आले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये तेथे आजचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आकारास आले. रणगाड्यावरील जवान व अधिकारी यांचे शिक्षण तेथे होते. १९९४ साली तेथेच उघडलेल्या रणगाडा-संग्रहालयात माटिल्डा आहे, सेंच्युरियन आहे, आणि लढाईत जिंकून आणलेल्या शत्रूच्या गाड्याही आहेत. वऱ्हाडातून शिर्डी-नगरकडे जाणाऱ्या कुटुंबांनी तेथे वाट वाकडी करून जावे. तोफेची नळी सर्वांच्याच नजरेत भरते. परंतु ज्याला यंत्र कळावयाचे असेल त्याने दोन पावले बाजूला होऊन माटिल्डाच्या कुशीतील चिखलाच्या घसरगुंड्या पाहाव्यात. ऐंशी-पंचाऐंशी वर्षांपूर्वीच्या कारागिरास चिखलाची काळजी होती, हे तेथे पोलादात कोरलेले दिसेल.

त्याच नगरीत 'फामागुस्ता' हा सेंच्युरियन रणगाडाही जतन करण्यात आला आहे. पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत ह्याच गाडीत धारातीर्थी पडले व मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी झाले. त्यांचे शौर्य सर्वांना ठाऊक आहे. त्यासोबत एवढेही ध्यानात ठेवावे की, त्या दिवशी सुरुंगांनी भरलेल्या मैदानापलीकडे रणगाडे जाऊन भिडू शकले, ते त्यांचे पट्टे चालत होते म्हणून. आणि पट्टे चालत होते, ते कोणीतरी आदल्या रात्री ओणवे होऊन, चिखलात हात घालून त्यांची काळजी घेतली होती म्हणून. अशा कामास पदक नसते, आणि ते नीट झाले असता कोणाच्या लक्षातही येत नाही.

ज्या आवरणाने आपले रक्षण होते, त्याच्या आड काय चालले आहे हे पाहण्याचा कंटाळा न करणे, एवढेच ह्या सगळ्या शिस्तीचे सार आहे. वऱ्हाडचा शेतकरी खांद शेकल्यावाचून झूल घालीत नाही. रणगाड्यावरील जवानही तेच करतो. त्याची झूल तेवढी अधिक जड असते, आणि ती उचलावयास त्याला तीन सोबत्यांचा हात व एकाचा शब्द लागतो.